गळ्याची चौकशी

मी दौलताबादच्या किल्ल्यावर गाईड आहे, म्हणजे माझं पोट गळ्यावर चालतं. पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी संभाजीनगरच्या दवाखान्यात भरती झालो, तेव्हा जो तो माझ्या पोटाचीच चौकशी करत होता. भूल देणाऱ्या मॅडमनी तेवढं विचारलं, "काका, काम काय करता?"

मी सांगितलं, तशा त्या पेन कानामागं खोचून स्टुलावरच बसल्या.

"भूल दिल्यावर श्वासासाठी घशातून नळी घालतो. तिच्या आतल्या टोकाजवळ छोटा फुगा असतो. त्यात हवा कमी पडली तर गळती होते, जास्त झाली तर श्वासनलिका दाबली जाते. मग घसा दुखतो, आवाज बसतो."

"मग हवा किती भरायची, ते कसं कळतं?"

"काहीजण बोटानं चाचपून ठरवतात. माझा माझ्या बोटांवर भरोसा नाय." त्यांनी काट्याचं एक छोटं यंत्र दाखवलं. "ऑपरेशन चालू असतानाही दाब वाढतो. मी मधून मधून मोजत राहते."

शुद्धीवर आलो तेव्हा त्या उशाशी उभ्या होत्या. तोंडावर मास्क, त्यामुळं पूर्ण चेहरा काही दिसला नाही.

"बोला काहीतरी, काका."

"पाणी द्या."

त्यांनी डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकलं. "पाणी आत्ता नाय. पण पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हणालो. आवाज खरखरीत होता, पण माझाच होता. त्या हसल्या आणि पुढच्या पेशंटकडं गेल्या.

इतकी वर्षं लोकांना किल्ला सांगतोय. पण इतका कान देऊन माझं कुणी ऐकलं नव्हतं.