छत्रीएवढं पोर

गाडी घ्यायला शोरूममध्ये गेल्यावर माणसं बॉनेट उघडतात, दारं आपटून बघतात, मायलेज विचारतात. रामटेके काका यातलं काहीच करत नसत. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, सीट पार खाली घ्यायचे आणि भर उन्हाळ्यातही बरोबर असलेली आपली काळी छत्री खिडकीतून सेल्समनच्या हातात द्यायचे. "भैया, इसको बोनट के सामने जमीन पे खड़ी पकड़ो. अब पीछे जाओ. और पीछे." छत्रीची मूठ दिसली की "बस" म्हणायचे, उतरायचे आणि बंपरपासून छत्रीपर्यंतची पावलं मोजायचे. कोणी हसलं तर म्हणायचे, "छत्री नाही समजायची हिला. तीन वर्षाचं पोर समजायचं."

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, चेरीतालच्या गल्लीत काका अगदी आमच्या समोर राहायचे. लष्करासाठी ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तपासणीचं काम केलं. काकू कधीच गेल्या होत्या, मुलगा प्रवीण नागपूरला नोकरीत होता. शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, चेहरा सदा चिंतेत. गल्लीत कोणाचीही गाडी सुरू झाली की काका दारात येऊन उभे राहत आणि ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत आत जात नसत. नवी गाडी घेताना सगळे त्यांना आवर्जून नेत, आणि त्यांचं ऐकत मात्र कोणीच नसे. मीही त्याच माळेतला मणी.

एकदा मी त्यांना सरळच विचारलं, "काका, तुमच्या हातून कधी काही झालं होतं का?" माझी समजूत अशी, की एवढ्या भीतीमागे काहीतरी भयंकर असणारच. काका माझ्याकडे बघतच राहिले. "काहीच नाही झालं. तीस वर्षात कोंबडीबी नाही मेली माझ्या हातून. मी घाबरून राहतो म्हणून नाही मेली." मग म्हणाले, "तू घाबरत नाहीस, मास्तर. मले तुयंच भेव वाटते."

मी राइट टाउनमधल्या एका शाळेत गणित शिकवतो. स्कूटरवर दोन पावसाळे भिजून काढल्यावर आम्ही छोटी एसयूव्ही घ्यायची ठरवली. दोन गाड्यांवर घोडं अडलं होतं. एक उंच, चौकोनी नाकाची, बघताक्षणी रुबाब पडावा अशी. दुसरी जरा बसकी, उतरत्या नाकाची, आणि रंग असा की त्याच्याबद्दल काही बोलू नये. चार वर्षांच्या आमच्या मिट्ठूला उंच गाडी हवी होती, आणि खरं सांगायचं तर मिट्ठूच्या बापालाही. उंच बसलं की सगळा रस्ता आपल्या पायाशी वाटतो. बायको शीतल म्हणाली, "काकांना विचारा."

मिट्ठूला घेऊन आम्ही काकांबरोबर शोरूममध्ये गेलो. बसक्या गाडीसमोर छत्री दीड पावलावर दिसली. उंच गाडीसमोर सेल्समन मागे मागे जात राहिला, काकांची पावलं साडेतीन भरली. मी म्हटलं, "काका, साडेतीन पावलांनी काय होतं?" त्यांनी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि स्वतः गाडीपुढे गेले. काचेतून मला फक्त लांबलचक पांढरं बॉनेट दिसत होतं आणि पलीकडे शोरूमची चकचकीत फरशी. काकांचा आवाज आला, "कोण दिसून राहिलं, मास्तर?"

"कोणीच नाही."

तेवढ्यात खुदकन हसू आलं. मिट्ठूचं. ती बॉनेटच्या अगदी पुढ्यात उकिडवी बसली होती. गाडी बंद होती, किल्ली सेल्समनच्या खिशात होती, तरी माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. काका खिडकीशी येऊन हलकेच म्हणाले, "जे दिसत नाही ते तिथंच हाय, असं धरून चालजो."

सेल्समन तयारीचा होता. "सर, इसमें चारों तरफ कैमरा है. स्क्रीन पे सब दिखता है." मी त्या वाक्याला बुडत्यासारखा धरून बसलो. भीती शोरूमच्या दारापर्यंत पुरली. बाहेर ऊन लागलं आणि ती ओसरली. आठ दिवसांनी उंच गाडी गल्लीत उभी राहिली. काकांनी पेढा घेतला, गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "गाडी चांगली हाय. आता रोज उतरून पाहात जाजो." मी चार दिवस उतरून पाहिलं. पाचव्या दिवशी शाळेला उशीर झाला होता.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, एका सकाळी, मी गाडी सुरू केली. शीतल वर अंघोळीला गेली होती. मिट्ठू माझ्यामागे जिना उतरून आली, हे मला ठाऊक नव्हतं. गाडीखाली मांजर बसलं होतं आणि ती पुढ्यात उकिडवी बसून त्याला बिस्किट दाखवत होती. स्क्रीनवर कॅमेऱ्याचं चित्र होतं, पण हेडमास्तरांचा फोन आला आणि त्यांच्या नावानं अख्खी स्क्रीन झाकून टाकली. मी फोन घेता घेता गिअर टाकला. गाडी हातभर पुढे सरकली असेल. बॉनेटवर दाणकन एक तळवा पडला आणि मी ब्रेक दाबला.

मी खाली उतरलो. मिट्ठू बाजूला पायरीवर फेकल्यासारखी बसली होती, हातात बिस्किट तसंच. काका बंपरसमोर आडवे पडले होते. गाडीच्या आवाजानं दारात आलेले काका तिला उचलायला वाकले, त्यांनी तिला ढकलून दिलं आणि माझी गाडी त्यांना लागली.

"पोरगी कुठं हाय?" त्यांनी पहिलं हेच विचारलं. मग म्हणाले, "मास्तर, हँडब्रेक लाव."

आवाजानं शेजारी धावत आले. कोणीतरी विचारलं, "क्या हुआ काकाजी?" मी तोंड उघडलं, पण काका माझ्याआधी बोलले. "पैर फिसल गया. पानी गिरा था." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो, घसरले." तीस वर्षं एकाही खोट्या कागदावर सही न केलेला तो माणूस माझ्यासाठी रस्त्यावर पडल्या पडल्या खोटं बोलला, आणि मी ते उचलून खिशात टाकलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात कोणी नसताना त्यांनी मला जवळ बोलावलं. "लोकायचं मी पाहून घेतो. तू गाडी बदल. तेवढी बदल." मी त्यांच्या हाताला हात लावून कबूल केलं. प्रवीण येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेला. अँब्युलन्समध्ये चढवताना काका सगळ्या गल्लीला हात करत होते; माझ्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली.

मी गाडी बदलली नाही. जाहिरात द्यायला बसायचो आणि हात थांबायचा. नवीकोरी गाडी दोन महिन्यांत विकणाऱ्याला लोक कारण विचारतात. शीतलनं सगळ्यात आधी विचारलं असतं. मिट्ठू अधूनमधून बाहुलीला सांगायची, "काका धडाम झाले." शीतल म्हणायची, "हो गं, बिचारे घसरले ना." मला गाडीची भीती वाटायची, पोरीच्या तोंडाची वाटायची आणि नागपूरच्या फोनची सगळ्यात जास्त. दरम्यान शीतल गाडी चालवायला शिकली. ती माझ्यापेक्षा चार बोटं बुटकी आहे.

काका त्या अंथरुणातून उठले नाहीत. ते गेल्याचं प्रवीणनं कळवलं तेव्हा मला ताप होता, निदान मी तसं सांगितलं आणि नागपूरला गेलो नाही. नंतर एका रविवारी सकाळी त्याचा पुन्हा फोन आला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम नीट पार पडला, असं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "सर, बाबा शेवटी शेवटी एकच विचारत होते. मास्तरनं गाडी बदलली का? मी हो म्हणून टाकलं. बदलली ना?"

"नाही."

"काहून?"

"आता विकली तर लोक विचारतील, काहून विकली."

प्रवीण अगदी शांतपणे म्हणाला, "तो बता दीजिए न, सर."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला सगळं ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून. मी फोन ठेवला. शीतलनं पर्स खांद्याला लावली आणि किल्ली उचलली. तिला पनागरला बहिणीकडे जायचं होतं. मिट्ठू तिच्याआधीच जिना उतरून खाली पळाली होती. मी दारात आडवा उभा राहिलो.

"किल्ली ठेव खाली," मी म्हणालो. "शीतल, काका घसरले नव्हते."