मोटारीचं दुखणं

विजेच्या चालत्या मोटारीवर सरांनी पेचकसाचं टोक टेकवलं आणि त्याची मूठ कानाशी धरली. "हिचं बेअरिंग गेलंय. ऐक गं पोरी," म्हणत पेचकस मला दिला.

मी आठवीत शाळा सोडलेली. हातची रोजी सोडून, आईच्या पाटल्या मोडून, इतक्या लांब मशीनदुरुस्ती शिकायला आलेय. हा खर्च पुढं नोकरीच्या पगारातून भरून निघेल का, या धास्तीनं झोप लागत नाही.

मला नुसती घरघर ऐकू आली. "कान मोटारीला दे, गावाला नंतर," सर हसले. मग त्या घरघरीत, भातात खडा लागावा तशी बारीक करकर उमटली. मोटार उघडली, तर बेअरिंगची एक गोळी खरंच सोललेली. बंद लोखंडाच्या आतलं दुखणं मला बाहेरून कळलं होतं.

आईला फोनवर सांगितलं. नोकरी कधी, हे ती रोज विचारते. आज म्हणाली, "अजून काय बोलली मोटार?"