माझ्या नावाची नायिका

“पोरगी चांगली हाये हो, पन बाई नाही वाटत!”

हे वाक्य पडद्याआडून आलं, आणि ते माझ्याबद्दल होतं. बोलणारे आमच्या अमरावतीच्या हौशी नाटक मंडळीचे सेक्रेटरी. नायिकेच्या भूमिकेसाठी त्यांनी नुकतीच माझी परीक्षा घेतली होती, आणि मी पडद्याच्या अलीकडे पदराचं टोक चावत निकालाची वाट पाहत होते.

त्याआधी पंधरा वर्षं मंडळीची नायिका म्हणजे आमचे काका. दिवसा कचेरीत कारकून, स्टेजवर कोमलांगी! पण यंदा काका हेडक्लार्क झाले आणि त्यांनी मिशी राखली. खरा आनंद काकूंना झाला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना मिशीवाला नवरा बघायला मिळत होता! आता नायिका कुठून आणायची? भल्या घरच्या मुली तोंडाला रंग फासायला तयार नव्हत्या. शेवटी काकांनीच माझं नाव सुचवलं, आणि मी “नको” म्हणाले नाही. मला ती भूमिका हवी होती. इतकी, की तीन आठवडे मी न्हाणीघराचं दार लावून संवाद घोकत होते. (काकूंना वाटायचं, पोरगी स्तोत्रं म्हणते.)

परीक्षेला काकू सोबत आल्या. मी शिकले मिशनच्या इंग्रजी शाळेत. तिथं कविता म्हणायची ती हात पाठीमागे बांधून आणि श्रोत्यांच्या डोक्यावरून पाहत. मीही तसंच केलं. “थांबा, मला सोडून जाऊ नका!” हे मी प्रियकराला सांगितलं, ते आढ्याकडे पाहून.

“अवं, हे त्याले थांबवून राहिली, का पाल पाहून राहिली?” काकू मागून म्हणाल्या.

नायक होते आमचे घरचे डॉक्टर. लहानपणी मला देवी त्यांनीच टोचल्या होत्या. त्यांनी प्रेमभरानं माझा दंड धरला मात्र, मी डोळे घट्ट मिटले आणि निमूट बाही वर केली!

काकांना राहवेना. “असं नाही वं पोरी!” म्हणत ते उठले, उपरणं पदरासारखं घेतलं, मान तिरपी केली, आणि मिशीसकट असे काही रुसले की डॉक्टर जागच्या जागी विरघळले. मग सगळे पडद्याआड गेले. ते वरचं वाक्य आलं, आणि पाठोपाठ काकांचा आवाज, “न्हाव्याले बोलवा!”

“खबरदार!” काकू ओरडल्या.

पण मिशी गेली. दोन दिवस काकू काकांशी बोलल्या नाहीत, आणि मी कुणाशीच.

एवढ्यावर भागलं असतं. पण अकोल्याच्या प्रयोगाच्या जाहिराती सेक्रेटरींनी माझ्या परीक्षेआधीच छापून घेतल्या होत्या! बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अकोल्याला उतरलो, तर समोरच्याच भिंतीवर: ‘स्त्रीचे काम प्रत्यक्ष स्त्री करणार! नायिका: कुमारी विमल.’ विमल म्हणजे मी. प्रत्यक्ष स्त्री पाहायला अख्खं अकोला लोटलं होतं.

“आता पुरुष निघाला तर लोक खुर्च्या फेकतीन,” सेक्रेटरी घाम पुसत म्हणाले.

“मंग सांगता कायले कोनाले?” काका ओठ रंगवत म्हणाले. “आज मीच विमल!”

मला म्हणायचं होतं, मी करते, मला सगळं पाठ आहे. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात काकांनी चष्मा काढून माझ्या हातात ठेवला, आणि घंटा झाली.

मी आणि काकू बायकांच्या बाजूला जाऊन बसलो. माझ्या शेजारी अकोटहून आलेल्या एक धिप्पाड बाई फुटाणे खात होत्या. काका लाजत लाजत आले, आणि बाईंचे फुटाणे हातातच राहिले.

“माय वं! काय चाल, काय डोये! बाईचं काम बाईनंच करा लागते. मानसाले जमते का हे?”

काकूंनी दात-ओठ खाल्ले. मी चुळबुळले.

“आन् तू काहून सारखी हालून राहिली वं?” बाई माझ्याकडे वळल्या. “तोंडातून शब्द नाही निघत तुया! त्या विमलकडून शीक काही!”

दुसऱ्या अंकात काका रडले, तर बाई हुंदके देऊन रडल्या. तिसऱ्या अंकात त्यांनी डोळे पुसून निर्णयच घेतला.

“आपलं ठरलं. माह्या भाच्यासाठी हेच पोरगी! उद्या सकायीच मागनी घालू. कोनाची वं ते? लग्न तं नाही झालं तिचं?”

नेमकी त्याच वेळी नायिका मूर्च्छा येऊन पडली, आणि सारं थिएटर चिडीचूप झालं. त्या शांततेत माझा आवाज आयुष्यात पहिल्यांदाच शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला:

“झालंय तिचं लग्न! ही काय, तिची बायको इथंच बसलीय!”