लंगोटीवरचा गुन्हा

आमच्या तोंडवलीत सत्यवानदादाची थट्टा व्हायची ती कपड्यांवरून. "ह्येंचे सगळे कपडे एका मुठीत मावतत, ह्येंका कपाट कित्याक होया?" असं त्याची बायको तुळसावहिनी चारचौघांत म्हणायची आणि तोही हसायचा. लग्नकार्याला लेंगा-सदरा, एरवी समुद्रावर लाल लंगोटी आणि डोक्याला टॉवेल. रापण ओढायची म्हणजे छातीभर पाण्यात उभं राहून जाळ्याचा दोर किनाऱ्याकडे खेचायचा. लाटेत अंगावर कापड जेवढं जास्त, तेवढा माणूस आत ओढला जातो. त्याचा बाप असाच उभा राहिला, आजाही असाच. मी शेजारची बाई, लग्न होऊन आल्यापासून त्याला असाच बघत आले. यात लाजण्यासारखं काही आहे हे माझ्या मनालाही कधी शिवलं नाही.

मग पर्यटक आले. त्यांच्याबरोबर पैसाही आला, खोटं कशाला बोलू? माझ्या घरातही त्यामुळेच फरशी बसली. पण दारूच्या बाटल्या आल्या, पोहण्याच्या कपड्यांतली माणसं देवळाच्या वाटेने फिरू लागली. ग्रामसभेत आरडाओरडा झाला आणि ठरलं, फलक लावायचा: 'सार्वजनिक ठिकाणी असभ्य वेशात फिरू नये. पोलीस कारवाई होईल.' सगळ्यांनी हात वर केले, सत्यवानदादानेही. असभ्य म्हणजे बाहेरचे, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी पोलिसाने पाण्यातून येणाऱ्या दोन मुलींना त्या फलकावरून हटकलं. त्यातली एक रापण ओढणाऱ्या सत्यवानदादाकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि ते आजोबा? त्यांना नियम नाही का?" मी त्या पोरीला दोष देत नाही, तिने रास्तच विचारलं. पण तिच्याबरोबरचा एक गृहस्थ इरेला पेटला आणि लेखी तक्रारच देतो म्हणाला. पोलिसाची पंचाईत झाली. त्याने मुलींना समज देऊन सोडलं आणि दादाला म्हणाला, "आजोबा, ठाण्यात चला. तक्रार आहे."

दादाला वाटलं, तक्रार त्या पर्यटकांविरुद्ध आहे आणि आपल्याला गावातर्फे साक्षीला नेतायत. जाळं पाण्यात असताना रापणकर घरी जात नाही, तशी आमच्याकडे रीतच आहे. पटकन सांगून परत यायचं, मग कपडे बदलायला कशाला जायचं? "ह्यो मी इलंय," म्हणत त्याने दोर शेजारच्याच्या हातात दिला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि ओल्या लंगोटीवर मोटारसायकलच्या मागे बसला. आचऱ्याच्या भर बाजारातून तो तसाच गेला. कुणीतरी व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो आमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर होता.

ठाण्यात दादा पर्यटकांच्या वागण्याबद्दल तावातावाने बोलत राहिला. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "आजोबा, आरोपी तुम्ही आहात." सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृत्य, असं कलम.

घरी येताच तो माझ्या दारात आला. "गो विनीता, अश्लील म्हणजे काय गो?" मी अंगणवाडीत जन्म काढलेली बाई, पण त्याच्या तोंडावर मला अर्थ सांगवेना. बहुतेक तो त्याला माझ्या गप्प बसण्यातूनच कळला.

मालवणच्या वकील प्राजक्ताबाई म्हणाल्या, केस टिकणार नाही. फक्त रापणीतल्या दोघांनी येऊन सांगायचं, की हा कामाचा वेश आहे. मी येते म्हटलं, तर त्यांना दोर ओढणारेच हवे होते. दादा घरोघर फिरला. एकाला मुंबईला जायचं निघालं, एकाची कंबर धरली. खरं कारण प्रत्येकाच्या अंगणात उभं होतं, पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या रूपाने. मला इतकी चीड आली, की दोघांच्या तोंडावर मी त्यांना नेभळट म्हटलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण आलं कुणीच नाही.

दादाचा मुलगा नितेश याच्याही तशा दोन खोल्या. तो म्हणाला, "बाबा, कबूल करून मोकळे व्हा. पावणे येणा बंद झाला तर खातलो काय? तुमच्या नातीक, रियाक, शाळेत पोरां चिडवतत."

"माका दुसरा काय नको रे," दादा म्हणाला. "फकत त्या शब्दाफुडे माझा नाव नको."

कोर्टात त्याला नितेशची पॅंट घालून नेलं. मीही गेले होते. न्यायाधीशांनी शांतपणे, अगदी अदबीने विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" दादाने मागे वळून पाहिलं. नितेश खाली मान घालून बसला होता. मग दादा म्हणाला, "होय." किरकोळ दंड झाला, तो नितेशने भरला. सगळे मला सांगत होते, चला, थोडक्यात सुटलं.

त्यानंतर तो रापणीवर गेला नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं, उलट दोनदा बोलवायला आले. तो ओटीवर पॅंट घालून बसून राहायचा. एके दिवशी त्याने झावळ्या विणल्या आणि घरामागच्या विहिरीला चहूबाजूंनी आडोसा केला. इतकी वर्षं तो तिथे उघड्यावरच आंघोळ करायचा.

परवा दुपारी मी माझ्या घरामागच्या परड्यात वाळत घातलेली कोकमाची सोलं उलटत होते. दादा आंघोळीला गेला होता. सात वर्षांची रिया नेहमीसारखी त्याच्या पाठीवर पाणी ओतायला धावत आडोशात शिरली. आतून बादली कलंडल्याचा आवाज आला आणि मग त्याचा, कधी न ऐकलेला, घाबरलेला आवाज. "बघू नको गो बाय! भायर जा. माका बघू नको!"

रिया रिकामा तांब्या घेऊन बाहेर आली. मला पाहून कुंपणाशी आली आणि हळूच विचारलं, "काकी, आजोबान काय केल्यान?"