वळणावर

मार्चमध्ये सुधीर गेला. जूनची व्हिएन्नाची तिकिटं दोघांची काढलेली होती. मी एकटीच आले.

आज सकाळी नदीकाठी धावायला गेले. उन्हं केव्हाच वर आली होती. पुढच्या वळणावर एक म्हातारा जागच्या जागी धावत होता. मागून त्याची बायको धापा टाकत आली. तो काहीतरी म्हणाला, तिनं त्याच्या दंडावर चापट मारली आणि दोघं पुढे गेली. भाषा कळली नाही, चिडवणं कळलं. परक्या गावात सुधीरही असाच थांबायचा. "आलात का बाईसाहेब? मला वाटलं, सरळ पुण्याला पोचलात."

इथे उन्हाळ्यात दिवस संपता संपत नाही. मी रोज धावते. आता कितीही मागे पडलं तरी चालतं. वळणावर कोणी थांबलेलं नसतं.