पडलेली आणि पाडलेली

बागेत पाटी आहे, ‘फुले तोडू नयेत.’ आज सकाळी एक आजी प्राजक्ताची फांदी धरून गदागदा हलवत होत्या. खाली सडा पडला. माळी धावत आला.

“तोडलं कुठे? पडलेली वेचतेय,” आजींनी ठणकावलं.

अमेरिकेत कायदा शिकणारी माझी लेक सांगते, तिथले प्राध्यापक याच प्रश्नावर हिरिरीने भांडतात: कायद्याचा शब्द धरायचा की हेतू? ग्रंथच्या ग्रंथ लिहितात म्हणे. मला विचाराल तर, जो शब्दावर फार अडून बसतो, त्याचा एक हात बहुधा फांदीवर असतो.

माळी शांतपणे म्हणाला, “आजी, ही पडलेली नाहीत, पाडलेली आहेत.”

एका कान्यात त्याने शब्दही राखला आणि हेतूही. आजींनी फांदी सोडली.