रहीमचाचाचे कान अन् माही यादी

यंदाची यादी कुठं अडली, म्हणून लोकं इचारून राह्यले. दरसाली डिसेंबरात मी वर्षातल्या माह्या दहा आवडत्या अल्बमची यादी काढतो अन् हरेकावर दोन ओळी लिहितो. मोठ्या कंपनीबिगर निंघालेलं इंडी म्हणा, प्रयोगाचं संगीत म्हणा. माही माय त्याले डोकं उठवणं म्हणते. एका वेबसाइटवर ही यादी छापून येते. पुण्या-मुंबईची पोरं म्हणतात, अकोल्यात बसून हा सहदेव काय ऐकते, काय लिहिते! तं आता सांगूनच टाकतो, कोण ऐकते ते.

जुन्या शहरात अब्दुल रहीमचाचाचं लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान हाये. भाजीच्या गाडीवरचा भोंगा असो का लग्नातला डीजे, बिघडला की चाचाकडंच येते. सात वर्षांपूर्वी मी माहा स्पीकर तिथं नेला अन् दुरुस्त झाल्यावर शिलाँगच्या दोन पोरींचा नवा अल्बम लावून पाह्यला. चाचानं ऐकलं, बंद केलं, पुरा स्पीकर पुन्हा खोलला. तारा तपासल्या, जोडल्या, पुन्हा लावलं. तीच खरखर. मंग म्हणे, "अबे सद्या, भोंगा चांगला हाये. गाणंच फाटेल हाये. पण पाय, फाटलं तिथूनच हवा येऊन राह्यली."

मी घरी गेलो अन् हेच शुद्ध मराठीत लिहून टाकलं. लोकं येडे झाले त्या वाक्यावर.

तवापासून माहा धंदाच झाला तो. नवा अल्बम आला की आधी चाचाच्या दुकानात. चाचालेही गोडी लागली. म्हणे, फिल्मी गाण्यात खराब स्पीकरही खपून जाते, तुह्या या गाण्यात त्याचं सगळं दुखणं कळते. कामाचा हात थांबवून, डोळे मिटून ऐकाचा. फ्रिजच्या घरघरीवर केलेला एक परदेशी अल्बम होता, तं म्हणे, "बायको माहेरी गेली की घर असंच वाजते, बेटा." मी तेही उचललं. चाचाचं नाव टाकावं असं कधी मनातच आलं नाई, असं म्हणीन तं खोटं होईन. आलं होतं, दरसाली आलं होतं. पण मंग माहं काय राह्यलं असतं?

यंदा नोव्हेंबरात वेबसाइटची संपादक रागिणी कोणाच्या लग्नाले अकोल्यात आली. म्हणे, तुम्ही ऐकता ती जागा दाखवा. मले नाई म्हणता आलं नाई. दुकानात नेलं अन् ओळख करून दिली, "हे आमचे मेकॅनिक." सात वर्षं ज्याचं खाल्लं तो माणूस मेकॅनिक! थू माह्या जिनगानीवर.

चाचानं हौसेनं चहा मागवला अन् पोरींचा तोच अल्बम लावला. "मॅडम, मले वाटलं भोंगाच खराब. पण गाणंच फाटेल निघालं. फाटलं तिथूनच हवा येते, ऐका."

रागिणी हसली. "अहो काका, हे तर सहदेवनं लिहिलं होतं! मला तोंडपाठ आहे."

चाचानं माह्याकडं पाह्यलं. माहे कान तापले. आता बोल, सद्या, आता तरी बोल, असं मनात येऊन राह्यलं होतं, अन् मी चहाच्या गिलासात पाहत बसलो. शेवटी चाचाच बोलला.

"हो मॅडम. याच्याकडूनच ऐकलं म्या. आमाले कुठं सुचते असं?"

मागच्या हप्त्यात यंदाचे दहाही अल्बम फोनात भरून दुकानात गेलो. माफी कशी मागाची ते रस्ताभर घोकलं होतं. चाचानं नेहमीसारखा स्टूल सरकवून देला. पहिला अल्बम लावला. डोळे मिटून त्यानं पुरा ऐकला, मधात एकदा मानही हलवली. मले वाटलं, सारं विसरला. माफी तशीच राह्यली अन् माह्या तोंडातून सवयीनं निंघालं, "कसं वाटलं, चाचा?"

चाचानं डोळे उघडले. राग नव्हता त्यायच्यात. राग असता तं बरं झालं असतं.

"तुमी सांगा, सहदेवभाऊ," तो म्हणे. "मले त्यातलं काय समजते?"

सात वर्षांत पह्यल्यांदा तुमी. दुसरा अल्बम लावाची माही हिंमत झाली नाई. दहा नावं काढून ठेवली हायेत. त्यायच्यापुढं लिवाले माह्यापाशी एक ओळ नाई.